दोन हजार गूगलचे, शंभर बिंगचे

लातूरच्या मोंढ्यात सोयाबीनचं पोतं उतरलं की त्यात परखी खुपसली जाते. मूठभर दाणे तळहातावर येतात, मातेरं फुंकलं जातं, एखादा दाणा दाताखाली धरला जातो आणि मग हवा किती ते बघतात. हवा म्हणजे ओलावा. बारा टक्क्यांच्या आत असली तर भावाची बोलणी सरळ होतात, वर गेली की कापाकापी सुरू. गाडी औशाकडून आली की अहमदपूरकडून, हेही कुणी विचारतं, पण ते आपलं बोलायचं म्हणून. रस्ता बघून भाव कुणी ठरवत नाही.

वेबसाइटवर येणाऱ्या माणसांच्या बाबतीत मात्र भाव रस्ता बघूनच ठरतो. महिन्याचा रिपोर्ट उघडला की 'गूगल / ऑरगॅनिक' २००० भेटी, 'बिंग / ऑरगॅनिक' १०० भेटी अशा ओळी दिसतात. बिंग हे मायक्रोसॉफ्टचं सर्च इंजिन, आणि ऑरगॅनिक म्हणजे जाहिरातीतून न येता शोधाच्या निकालातून आलेली भेट. शेजारच्या रकान्यात चौकशा : गूगलच्या ४८, बिंगच्या ५. भागाकार केला की गूगल २.४ टक्के, बिंग ५ टक्के. लगेच निकाल : बिंगचं गिऱ्हाईक गूगलच्या दुप्पट दर्जाचं. आकडे इथे समजण्यापुरते धरलेत, पण अशा निकालावर जाहिरातीचे पैसे इकडून तिकडे हलतात, हे काही समजण्यापुरतं नाही. तेव्हा हा निकाल जरा उसवून बघू. जालन्याकडची मोसंबीची रोपवाटिका डोळ्यासमोर ठेवली तर बोलणं हवेत राहणार नाही.

पहिला घोळ 'दर्जा' या शब्दाचाच. एक शेतकरी 'मोसंबी लागवड अंतर' असं शोधून येतो. चार मिनिटं वाचतो, सहा बाय सहा मीटरवर हेक्टरी २७७ झाडं बसतात, म्हणजे एकरी साधारण ११०, एवढं बघून जातो. दुसरा 'मोसंबी रोपे दर जालना' असं टाकून येतो. दर बघतो, आठव्या सेकंदाला फोन नंबरवर बोट ठेवतो आणि गेला. गूगल ॲनालिटिक्स ४ च्या, म्हणजे वेबसाइटवरच्या भेटी मोजणाऱ्या गूगलच्या साधनाच्या हिशेबात 'एंगेज्ड' भेट कोणती? दहा सेकंदांहून जास्त चाललेली, किंवा दोन पानं उघडलेली, किंवा जिच्यात 'की इव्हेंट', म्हणजे तुम्ही महत्त्वाची ठरवलेली कृती, घडला अशी. फोन नंबर दाबणं तुम्ही की इव्हेंट म्हणून नोंदवलेलं नसेल, तर पहिला माणूस पास आणि दुसरा बाउन्स, म्हणजे नुसता येऊन गेलेला. म्हणजे फुंकलेल्या मातेऱ्याबरोबर टपोरा दाणाही उडाला.

असं होण्याचं कारण अगदी साधं आहे. ॲनालिटिक्समधलं 'एनहान्स्ड मेजरमेंट' चालू असलं तरी ते बाहेरच्या क्लिक मोजतं त्या दुसऱ्या डोमेनकडे जाणाऱ्या. व्हॉट्सॲपची लिंक दुसऱ्या डोमेनची, म्हणून ती आपोआप धरली जाते. फोनची लिंक 'tel:' ने सुरू होते, तिला डोमेनच नाही, म्हणून ती निसटते. टॅग मॅनेजर या गूगलच्याच जोडसाधनामध्ये 'जस्ट लिंक्स' प्रकारचा ट्रिगर घ्यायचा, अट घालायची की क्लिक यूआरएलची सुरुवात 'tel:' ने व्हावी, त्यावर एक इव्हेंट पाठवायचा आणि ॲडमिनमध्ये जाऊन त्याला की इव्हेंट करायचं. अर्ध्या तासाचं काम. ते होईपर्यंत कुठल्याही दोन सर्च इंजिनांची तुलना करणं म्हणजे काटा न लावता वजन सांगणं.

हे केलं तरी एक गोम उरते. मोबाइलवरचा माणूस नंबर दाबतो. लॅपटॉपवरचा माणूस नंबर वाचतो आणि खिशातला मोबाइल काढून लावतो. त्याचा फोन येतो, रोपं जातात, ॲनालिटिक्सला पत्ता नाही. लॅपटॉपवाले कोणत्या इंजिनावर जास्त, ते पुढे येईलच. त्यांच्यासाठी पानावर छोटा फॉर्म किंवा व्हॉट्सॲप वेबकडे नेणारं बटण नसेल तर त्यांच्या चौकशा नेहमीच कमी दिसणार.

आता त्या दुप्पट दर्जाकडे. आपल्याकडे हातात असतो अँड्रॉइड फोन, त्यात क्रोम, आणि क्रोममध्ये गूगल. कुणी निवडलेलं नसतं, आलेलंच असतं. बिंगही कुणी फारसं निवडत नाही. विंडोजचा लॅपटॉप घेतला, त्यात एज हा मायक्रोसॉफ्टचा ब्राउझर निघाला, एजमध्ये बिंग निघालं. खालच्या पट्टीतल्या शोधाच्या चौकटीत काही टाइप केलं तरी ते बिंगवरच जातं. म्हणजे 'बिंगचा माणूस' आणि 'गूगलचा माणूस' अशा दोन जाती नाहीत. बहुतेक वेळा ती 'टेबलाशी बसलेला' आणि 'बांधावर उभा' अशी वाटणी असते.

तेच २००० आणि १०० फोडून बघा. गूगलच्या २००० पैकी १८०० मोबाइलवरून, त्यांच्याकडून चौकशा ३६, म्हणजे २ टक्के. उरलेले २०० कॉम्प्युटरवरून, चौकशा १२, म्हणजे ६ टक्के. बिंगचे ९० कॉम्प्युटरवरून, चौकशा ५, म्हणजे साडेपाचच्या किंचित वर. मोबाइलवरून १०, चौकशी एकही नाही. कॉम्प्युटरला कॉम्प्युटर लावला की बिंग गूगलच्या किंचित मागेच. एकूण बेरजेत मात्र तेच दुप्पट पुढे दिसत होतं, कारण त्याच्या पोत्यात मोबाइलचे दाणे जवळजवळ नव्हतेच. बेरीज खोटी नव्हती, बेरजेला विचारलेला प्रश्न चुकीचा होता.

रिपोर्टमध्ये हे बघायचं तर 'ट्रॅफिक ॲक्विझिशन' उघडून 'सेशन सोर्स / मीडियम' निवडायचं आणि शेजारच्या अधिकच्या चिन्हावरून 'डिव्हाइस कॅटेगरी' जोडायची. दोन क्लिकचं काम आहे, आणि बहुतेक भांडणं इथेच मिटतात.

न मिटलेल्यांसाठी पुढचा रकाना 'लँडिंग पेज', म्हणजे माणूस आधी उतरतो ते पान. गूगलला तुमची साठ पानं ठाऊक असतात आणि बिंगला बऱ्याचदा सहा. मग बिंगवरून येणारा माणूस मुखपृष्ठावर उतरतो आणि गूगलवरचा थेट 'आंबे बहाराचा ताण कसा तोडावा' या पानावर. एकाला दुकानाच्या पायरीवर आणलं, दुसऱ्याला मागच्या मळ्यात, आणि मग तुलना केली कोण जास्त खरेदी करतं याची. आधी बिंगवर 'site:' आणि त्याला लागून आपलं डोमेन टाकून किती पानं निघतात ते बघावं. कमी निघाली तर बिंग वेबमास्टर टूल्समध्ये खातं काढावं. गूगलचं असंच साधन म्हणजे सर्च कन्सोल, त्यातली साइट तिथे जशीच्या तशी आयात होते, पुन्हा मालकी सिद्ध करत बसावं लागत नाही. साइटमॅप, म्हणजे आपल्या पानांची यादी, द्यावा आणि वर्डप्रेस असेल तर इंडेक्सनाऊचं प्लगइन बसवावं. ही सोय २०२१ मध्ये बिंग आणि यांडेक्स या रशियन सर्च इंजिनाने मिळून आणली. नवं पान टाकलं की इंजिनाला तिथल्या तिथे वर्दी जाते. गूगल यात नाही. डकडकगो आणि याहू या आणखी दोन सर्च इंजिनांचे निकाल बऱ्याच अंशी बिंगकडूनच येतात, त्यामुळे एका दारात केलेली झाडलोट तीन दारांना पुरते. रोपवाटिकेसारख्या धंद्याने यावर एकदा अर्धा दिवस घालवावा. त्याहून जास्त घालवू नये, असं माझं मत.

शंभर भेटी आणि पाच चौकशा, यातल्या पाचाचं वजन किती? थोड्या भेटींतून काढलेली टक्केवारी पाच-दहा दाण्यांवरून अख्ख्या पोत्याची हवा सांगितल्यासारखी असते. १०० मध्ये ५ असतील तर संख्याशास्त्राच्या नेहमीच्या ९५ टक्के खात्रीने एवढंच म्हणता येतं की खरा दर २ ते ११ टक्क्यांच्या मध्ये कुठेतरी आहे. गूगलच्या २००० मध्ये ४८ चा खरा दर साधारण १.८ ते ३.२. दोन्ही पट्टे एकमेकांवर चढतात, म्हणजे कोण सरस हे अजून ठरलेलं नाही. तीन महिने थांबून ३०० मध्ये १५ झाले तर बिंगचा पट्टा आवळून ३ ते ८ होतो, तेव्हा बोलायला तोंड मिळतं. डकडकगोवरून ३० भेटी आल्या आणि चौकशी शून्य, तर लगेच 'फुकट लोक' म्हणू नये. शून्यासाठी सोपी रीत आहे : तीनाला भेटींच्या संख्येने भागा. ३ भागिले ३०, म्हणजे खरा दर अगदी १० टक्क्यांपर्यंतही असू शकतो. शून्यावरून काही कळायला निदान तीनशे भेटी लागतात.

पण तीन महिने थांबायचं म्हटलं की हंगाम आडवा येतो. रोपांची मागणी पावसाच्या तोंडावर. डिसेंबर-जानेवारीत येतात ते बाग असलेले लोक, ताण, पाणी, बहार विचारणारे. ते वाचतात पुष्कळ आणि विकत काहीच घेत नाहीत. जूनचं बिंग आणि जानेवारीचं गूगल शेजारी मांडलं तर कोणताही निकाल काढता येतो. जूनला जूनच लावावा. त्यासाठी मागच्या वर्षीचा माल शिल्लक हवा. ॲनालिटिक्सच्या 'एक्सप्लोर' विभागासाठी तपशिलाची साठवण मुळात दोन महिन्यांची असते, ती ॲडमिनमध्ये जाऊन चौदा महिन्यांची करावी लागते. ज्या दिवशी कराल तेव्हा शिल्लक असेल ते आणि तिथून पुढचं टिकतं. आधीचं पुसलं गेलेलं परत येत नाही. सर्च कन्सोल सोळा महिने ठेवतं, पण ते फक्त गूगलपुरतं.

गूगलच्या पोत्यात भेसळ किती असते, हा वेगळाच विषय. 'गूगल / ऑरगॅनिक' या एका ओळीत निदान तीन तऱ्हेचे लोक बसलेले असतात. एक, खरोखर काही शोधून आलेले. दोन, रोपवाटिकेचं नाव आधीच माहीत असलेले. रस्त्यावरचा फलक बघितला किंवा पाहुण्याने सांगितलं, आणि नाव गूगलवर टाकलं. त्यांना गूगलने आणलं म्हणणं म्हणजे गिऱ्हाइकाचं श्रेय दाराला देणं. तीन, नकाशावरच्या नोंदीतून 'वेबसाइट' बटण दाबून आलेले. हे जवळचे, निघायच्या तयारीतले, सगळ्यांत पक्के. या दोन पक्क्या गटांमुळे गूगलचा आकडा फुगतो आणि बिंग उगाच बारीक दिसतं. नकाशातले वेगळे काढायला गूगल बिझनेस प्रोफाइलमधल्या वेबसाइटच्या पत्त्याला यूटीएमची, म्हणजे भेट कुठून आली ते सांगणाऱ्या खुणांची, शेपटी लावायची. सोर्स गूगल, मीडियम ऑरगॅनिक तसंच ठेवायचं, आणि कॅम्पेनमध्ये 'नकाशा' किंवा तशी काही खूण. नावाने येणारे वेगळे काढायला सर्च कन्सोलमध्ये क्वेरीवर, म्हणजे शोधशब्दांवर, गाळणी लावायची : रोपवाटिकेचं नाव, त्याची इंग्रजी अक्षरांतली दोन-तीन स्पेलिंगं, मालकाचं आडनाव. बिंग वेबमास्टरमध्येही शोधशब्द दिसतात, तिथेही तेच करायचं. उरतं ते खरं शोधाचं पीक. तुलना त्याचीच.

आपल्या भागात गावांच्या नावांचा आणखी एक गुंता आहे. २०२३ मध्ये औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबादचं धाराशिव झालं. लोक दोन्ही नावांनी शोधतात, मराठीत, इंग्रजी अक्षरांत, आखूड करून, हवं तसं. आणि औरंगाबाद नावाचा जिल्हा बिहारमध्येही आहे. 'औरंगाबाद नर्सरी' असं शोधणारा बिहारचा माणूस तुमच्या पानावर आला, तीन सेकंदांत गेला, तर त्याचं पाप इंजिनाच्या माथी मारलं जातं. पानाच्या शीर्षकात जुनं-नवं नाव, जिल्हा आणि 'महाराष्ट्र' लिहिलेलं असलं की असे पाहुणे दारातूनच परततात. भेटी कमी होतात, दर्जा वाढतो, आणि इंजिन तेच असतं. पण यावर इलाज म्हणून शहरांचा रिपोर्ट लावायला जाल तर फसाल. शहर ठरतं आयपी पत्त्यावरून, आणि मोबाइल कंपन्यांचे पत्ते बऱ्याचदा मुंबई-पुण्याचे निघतात. घनसावंगीच्या शेतात उभा असलेला माणूस रिपोर्टमध्ये मुंबईकर होतो. मोबाइलसाठी शहराचा रकाना बघूच नये. कॉम्प्युटरसाठी बघावा, तोही डोळे मिचकावत.

सेवा केंद्रांचंही असंच. तालुक्याच्या महा ई-सेवा केंद्रात विंडोजचा एक कॉम्प्युटर, समोर एक ऑपरेटर आणि मागे रांग. सातबारा काढायला आलेला शेतकरी म्हणतो, जरा मोसंबीच्या रोपाचं बघा की. ऑपरेटर समोर उघडं असलेल्या एजमध्ये टाइप करतो. ॲनालिटिक्स माणसं मोजत नाही, ब्राउझर मोजतं. वेगवेगळ्या दिवशी दहा शेतकरी आले तरी 'युजर' एक, भेटी दहा. घरातल्या एका फोनवर बाप, लेक आणि नातू शोधतात तिथेही तेच. म्हणून 'प्रति युजर चौकशी' हा रकाना सोडून 'प्रति सेशन', म्हणजे दर भेटीमागे, बघावं. तोही अचूक नाही, पण कमी खोटा आहे.

डकडकगोचा माणूस तर बऱ्याचदा दिसतच नाही. ते वापरणारे लोक नजर चुकवणारे असतात. ब्रेव्ह ब्राउझर, डकडकगोचा स्वतःचा ब्राउझर किंवा यूब्लॉक हे जाहिराती अडवणारं साधन बसवलेला फायरफॉक्स, हे सगळे गूगल ॲनालिटिक्सची स्क्रिप्ट अडवतात. ज्याने मोजू दिलं नाही त्याचा दर्जा मोजायचा कसा? होस्टिंगच्या कंट्रोल पॅनेलमधून सर्व्हरचा ॲक्सेस लॉग, म्हणजे प्रत्येक भेटीची नोंदवही, उतरवून घ्यावा. प्रत्येक ओळीत रेफरर, म्हणजे माणूस जिथून आला तो पत्ता, असतो, त्यात 'डकडकगो डॉट कॉम' किती वेळा येतं ते मोजावं आणि ॲनालिटिक्सच्या आकड्याशी ताडावं. लॉगमध्ये साठ आणि रिपोर्टमध्ये वीस असले तर दोन तृतीयांश लोक आंधळ्या कोपऱ्यात आहेत. मात्र लॉगमध्ये यंत्रंही घुसलेली असतात आणि रेफरर कुणीही खोटा लिहू शकतो. मोसंबीच्या मराठी पानावर यांडेक्सवरून अचानक दोनशे भेटी आल्या, किंवा अमेरिकेतल्या ॲशबर्न गावातून रोज ठरावीक वेळी कुणी येत असेल, तर तिथे शेतकरी नाही, डेटा सेंटर आहे. असल्या ओळी बाजूला काढूनच भागाकार करावा.

धंदा बदलला की सगळं गणित फिरतं. वेरूळजवळ चार खोल्यांचा होमस्टे चालवणाऱ्याने रोपवाटिकेचा हिशेब उचलू नये. त्याच्याकडे येणारा परदेशी पाहुणा महिनाभर आधी लॅपटॉपवर बसून बेत आखतो. त्याच्या देशात बिंग-डकडकगोचा वाटा भारतातल्यापेक्षा बहुधा जास्त असतो आणि एक आरक्षण रोपांच्या एका चौकशीपेक्षा कितीतरी पक्कं. उलट गूगलवरून मोबाइलने येणारे बरेच जण 'वेरूळ लेणी मंगळवारी बंद असतात का' एवढंच विचारतात. असतात, अजिंठा सोमवारी आणि वेरूळ मंगळवारी. उत्तर मिळालं, गेले. हे पान चांगलं आहे, ठेवावं, पण त्याच्या भेटी होमस्टेच्या दर्जात मिसळू नयेत. त्याच्यासाठी बिंगवरची दहा पानं नीट उभी करणं हे अर्ध्या नव्हे, दोन दिवसांचं काम ठरलं तरी परवडतं.

चॅटजीपीटीवरून येणाऱ्यांची ओळही हल्ली दिसते. त्याच्या लिंकला बहुधा यूटीएम सोर्स लावलेलाच असतो, म्हणून ती ओळखायला सोपी. ती सर्च इंजिनांच्या रांगेत न धरता वेगळी ठेवावी. संख्या अजून शून्याच्या तीन-भागिले रीतीतच अडकते.

एवढं सगळं करूनही चौकशी करणारा पुढे रोपं घेतो की नाही, हे वहीशिवाय कळत नाही. दोनशे पानी वही घ्यावी आणि रकाने आखावेत : तारीख, गाव-तालुका, काय विचारलं, किती रोपं, इसार दिला का, कुठून आला. शेवटच्या रकान्याची गंमत अशी की विचारलं तर सगळे म्हणतात, 'गूगलवर बघितलं.' बिंगवरून आलेलाही, फेसबुकवरून आलेलाही, आणि पाहुण्याने लिंक धाडलेलाही. गूगल हे नाव राहिलेलं नाही, क्रियापद झालंय.

म्हणून खूण आपणच चिकटवायची. व्हॉट्सॲपच्या लिंकमध्ये आधीच लिहिलेलं वाक्य ठेवता येतं : 'नमस्कार, मोसंबी रोपांचा दर हवा आहे. ग-२.' यातला ग म्हणजे गूगल, २ म्हणजे दराचं पान. बिंगसाठी ब, डकडकगोसाठी ड, काहीच कळलं नाही तर फुली. पान उघडताना रेफरर बघून हे अक्षर बदलणारी दहा-बारा ओळींची स्क्रिप्ट वेबसाइटवाला करून देतो. बहुतेक जण चुकतात ते पुढच्या टप्प्यावर. माणूस पहिल्या पानावरून दुसऱ्यावर गेला की रेफरर तुमचीच साइट होते आणि ग चा फुली होतो. त्यामुळे रेफरर पहिल्याच पानावर 'सेशन स्टोरेज'मध्ये, म्हणजे ब्राउझरच्या तात्पुरत्या कप्प्यात, साठवून ठेवायला सांगावं, आणि पुढच्या पानांवर तिथून वाचायला. वहीत मग दोन गोष्टी शेजारी लिहायच्या, माणूस काय म्हणाला ते आणि अक्षर. जुळलं नाही तर अक्षर धरावं. फुली आली आणि माणूस पारध किंवा अंबडकडच्या एखाद्या मोठ्या बागायतदाराचं नाव घेत असेल, तर त्या रकान्यात कोणत्याच इंजिनाचं नाव न लिहिता त्या बागायतदाराचं लिहावं, आणि पुढच्या वेळी त्याला रोपं देताना चार जास्त टाकावीत.